मांडवीच्या उंबऱ्यावरचं इंग्रजी

बोटीने जयगड सोडलं, आता पुढचं बंदर रत्नागिरी. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. गिरगावात मी संध्याकाळच्या वर्गात नोकरदारांना इंग्रजी शिकवत असे. त्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीचं बोलावणं आलं होतं. तिच्या एकुलत्या एका दत्तूला परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरी धरायची होती आणि त्याला साहेबापुढे बोलण्यापुरतं इंग्रजी हवं होतं.

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. बंदराबाहेर ती उभी राही आणि उतारूंनी पडावात (किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीत) उडी मारायची. मी पडावात मारली, माझ्या डाव्या बुटाने समुद्रात. असा एका पायाने साहेब आणि एका पायाने अनवाणी मी मांडवीला मावशीच्या घरी पोचलो.

"मास्तर आला की अर्धा मास्तर?" दारातच मावशीने विचारलं आणि मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घावणे आणि नारळाचा रस वाढला. मुंबईत त्या चवीचं मला पुन्हा काही मिळालं नाही, हे मी आजही भांडून सांगेन.

शिकवणी पडवीत चाले. दत्तू पंचविशीचा, खांद्याने रुंद, हुशार. पण आपल्याकडे एका शब्दात भागतं तिथे इंग्रजीत तीन लागतात, याचा त्याला राग येई. एकदा आम्ही दोघे गणपतीपुळ्याला निघालो होतो. कातळावरून (जांभ्या दगडाच्या माळावरून) चालताना मी त्याला 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांतला फरक समजावत होतो. आपोआप दिसतं ते 'सी', मुद्दाम नजर टाकली की 'लुक', नजर ठेवली की 'वॉच'.

"म्हंजे आय चुलीवरचं दूध बगते ता वॉच?"

"बरोबर."

"आनि शेजारची काकू आमच्या घरात बगते ता?"

"तेही वॉचच," मी म्हटलं. दत्तू कातळावर बसून हसला. पुळ्याला देवापुढे मात्र तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

गाडी अडली ती 'कम' आणि 'गो' यांपाशी. वाक्यात विचारलं तर त्याचं एकदाही चुकत नसे. पण धडा संपवून बाहेर निघाला की उंबऱ्यावर म्हणे, "आय कम." मी चिडायचो. निघणारा माणूस 'गो' म्हणतो, 'कम' नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं! शेवटी मावशीच आतून बाहेर आली.

"त्याला नको ओरडू. ह्या घरातनं जातो बोलून कोन निगत नाय."

निघताना 'येतो' म्हणायचं हे आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. पण मावशीच्या घरी त्याला धार होती. दत्तूचे वडील, माझे काका, एका मचव्यावर (शिडाच्या मोठ्या होडीवर) तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. एका सकाळी कसल्याशा घाईत ते मावशीला "जातो गो" म्हणून उंबरा उतरले. मचवा परत आला नाही. तेव्हापासून तो शब्द त्या घरात कुठल्याच भाषेत उच्चारला जात नसे.

बोटीच्या कंपनीचा साहेब एका बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं निवडत होता. मी दत्तूबरोबर गेलो. मावशीही आली आणि पायरीशी बसली. दत्तूने नाव, काम, अनुभव सगळं नीट सांगितलं. मला अभिमान वाटला. साहेब म्हणाला, "यू मे गो." दत्तू वळला, समोर आई दिसली, आणि तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "आय कम, सर."

कारकून फिसकन हसला. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. आता नोकरी गेलीच, असं वाटून मी पुढे झालो आणि आमच्या मुलखातली चाल सांगितली. साहेबाने एकवार मावशीकडे पाहिलं. मग कारकुनाला म्हणाला, "नाव लिहून घ्या. परत येणारी माणसं मला हवीच आहेत."

सुट्टी संपली तेव्हा मी आणि दत्तू एकाच बोटीने निघालो. बंदरावर मावशी रडली नाही. म्हणाली, "येवडं शिकलास तर माज्याशी विंग्रजीत बोल की काय तरी."

दत्तू पडावात उभा होता. तो म्हणाला, "आय अॅम गोइंग, आई."

"काय बोल्ला रे?" तिने मला विचारलं.

महिनाभर मी त्या एका शब्दासाठी त्याच्याशी भांडलो होतो. मी म्हटलं, "येतो म्हणाला."

पुढे काही वर्षांनी पुन्हा रत्नागिरीला गेलो. बंदर तेच, घावण्यांची चव तीच, मावशी मात्र वाकली होती. दत्तू पहिली दोन वर्षं आला. मग कुठल्याशा परक्या बंदरात उतरला, तिथेच राहिला, असं खलाशी सांगत. त्याची खबरबात बंद झाली होती. तो आता येणार नाही, हे शेजारणी तिला समजावून थकल्या होत्या.

मी निघालो तेव्हा ती काठी टेकत बंदरावर आली.

"लोकं काय पन बोलतात. तू होतास ना तितं? 'गोइंग, आई' बोल्ला. मला पाठ हाय. गोइंग म्हंजे येतो, तूच सांगितलंस."

पडाववाला हाका मारत होता. आयुष्यभर मी लोकांची इंग्रजी वाक्यं दुरुस्त करून पोट भरलं आहे. तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, "होय मावशी. येतो, असंच म्हणाला तो."