दोन शिश्यांमधली पाच मिनिटं

फोन नेहमी मीच लावायचो. म्हणून त्या दुपारी माझ्या मोबाइलवर आपोआप ‘आत्या’ हे नाव आलं, तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं. यंत्रमागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, शेडच्या बाहेर पळालो. पलीकडून आवाज वहिनीचा, आत्याच्या सुनेचा. “भाऊजी, आधी कुठंतरी बसून घ्या...” इचलकरंजीहून नागपूर म्हणजे जवळजवळ पुरत्या दिवसाचा रस्ता. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आत्याचं झोपेतच हृदय थांबलं, म्हणाले. त्याला आता सहा आठवडे होतील.

लिहायची मला सवय नाही. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी, चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आई लहानपणीच गेली, तेव्हा आत्यानं मला कामठीहून उचलून नागपुरात सदरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. ती एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होती. मी आठवीत दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा नातेवाईक माझ्यादेखत मला वाया गेलेला म्हणत होते. आत्या एवढंच म्हणाली, “शाळा सुटली म्हणून अक्कल नाही सुटत गा. हात चालव.” आणि कामठीच्या एका मागवाल्याकडे स्वतः घेऊन गेली. पहिले आठ दिवस ऑफिस सुटल्यावर ती मला घ्यायला कामठीला यायची. मला लाज वाटायची. ती ऑटोत शेजारी बसवून माझी बोटं तपासायची, धाग्यानं कापलेली... आज जो काही आहे, तो त्या आठ दिवसांमुळे आहे. पुढे कामठीतलं काम कमी झालं आणि मी इकडे दूर आलो.

पाच वर्षांपूर्वी तिला कडेनं आलेलं माणूस दिसेनासं झालं. जिन्यात शेजारच्या गोदाबाईंना धडकली आणि वर त्यांनाच रागावली, “आवाज तं करत जा वं.” डोळ्यांच्या दवाखान्यात काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. सांभाळायची म्हणजे दोन शिश्या, सकाळ-संध्याकाळ. एका शिशीचा थेंब टाकला की पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरीचा. लगेच टाकला तर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. ही पाच मिनिटं डोळे मिटून खुर्चीत बसणं आत्याला जमेना. “रिकामं बसून करू काय मी? तू संध्याकाळी आठले फोन करत जा. तेवढाच टाइम जाईल.”

तेव्हापासून आठ वाजता चहाची सुट्टी झाली की मी शेडबाहेर, आणि ती तिकडे डोळे मिटून, फोन मांडीवर. मी जेवलो का, खोकला गेला का, मालक नीट वागतो का. मी काळजीखोर, तेच तेच विचारायचो. शिशीचं टोक पापणीला लागलं नाही ना? एकच थेंब टाकला ना? ती म्हणायची, “तू मागावर आहेस का डाक्टर झाला?” खरं तर तिला काही सांगायची गरज नव्हती. शिशी उघडली की चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख लिहून चिकटवायची, ऑफिसात कागदावर टाकायची तशी, आणि महिना झाला की थोडं औषध उरलं असलं तरी टाकून द्यायची. एकदा गोदाबाई डोळा चुरचुरतो म्हणून थेंब मागायला आल्या. मी फोनवर ऐकत होतो. “हे काय गुलाबजल आहे वं? तुले दम्याचा त्रास. माह्या थेंबानं तुही छाती धरली तं तुह्या पोराले मी काय सांगू? जा, आपला डोळा दाखव.” गोदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग जाऊन दाखवून आल्या.

पाच मिनिटं झाली की ती म्हणायची, “ठेव आता, दुसऱ्या शिशीचा टाइम झाला.” मला फार कमी वाटायचं ते. फक्त एकादशीला तसं नव्हतं. आत्याच्या दोन्ही एकादश्या निर्जळी. थेंब टाकला की घशात कडू उतरतो, म्हणजे उपास मोडतो, म्हणून त्या दिवशी ती थेंबच टाकायची नाही. जेवणही नाही. मग आम्ही चांगलं अर्धा अर्धा तास बोलायचो. तिच्या ऑफिसातल्या गमती, माझ्या आईच्या आठवणी... माझ्या आईचा आवाज कसा होता हे मला एका एकादशीलाच कळलं. थेंब चुकतो आहे हे मला कळत होतं. पण मी बोललो नाही. उपासाचं आहे, मोठ्या माणसाला काय सांगायचं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण तो अर्धा तास होता. हे मी तिला कधीच सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो तेव्हा मीच तिला तपासणीला नेलं. डोळ्यांतला दाब वाढला होता, नजरेचा आणखी एक तुकडा गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, थेंब चुकतात का? “एक दिवस नाही,” आत्या ठामपणे म्हणाली. तिच्या हिशेबात एकादशी धरलेलीच नव्हती. मी खाली बघून म्हणालो, “एकादशीले नाही टाकत, साहेब.” आत्यानं माझ्याकडे जे पाहिलं...

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं आत्याचं बोट धरून डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात टेकवलं. “थेंब टाकला की डोळे मिटून इथं दोन मिनिटं हलकेच दाबून ठेवायचं, आजी. मग औषध डोळ्यातच राहतं, घशात फारसं जात नाही. अंगातही कमी भिनतं.”

“फारसं नको. जाते का नाही, ते सांगा.”

“कडू लागलं तर मला येऊन सांगा.”

परतताना ऑटो सदरला आल्यावर आत्या म्हणाली, “चुगलखोर.” आणि घरात शिरल्यावर, “पुढच्या एकादशीले पाहते.” पाहिलं. कडू लागलं नाही.

पण माझी धाकधूक गेली नाही. कारण त्यानंतरही एकादशीला आठ वाजता फोन केला की ती मोकळीच असायची, घाई नाही, ‘ठेव आता’ नाही. मी विचारायचो, “टाकले काय वं आत्या?” ती म्हणायची, “टाकले.” मला वाटायचं, माझ्यासाठी खोटं बोलते आहे. नजर आणखी जाते आहे आणि मी पुन्हा अर्धा तास बोलत बसलो आहे. फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

तेराव्यानंतर वहिनीला विचारलंच. वहिनी ताटं पुसत होती. “एकादशीले ना? साडेसातलेच टाकून घ्यायच्या दोन्ही थेंब, गजरच लावला होता. म्हणायच्या, गजू आठले फोन करते, त्या दिवशी त्याले जास्त बोलाचं राहते.” मग पुसलेलं ताट बाजूला ठेवत म्हणाली, “शेवटच्या तपासणीत नजर होती तेवढीच होती, भाऊजी. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः तांदूळ निवडले.”

मी समोरच्या खोलीत गेलो. खुर्चीमागच्या भिंतीवर, ती डोकं टेकायची तिथं, खोबरेल तेलाचा तळव्याएवढा डाग पडला आहे. खुर्चीत बसलो, डोळे मिटून डोकं मागं टेकलं. डाग माझ्या मानेशी आला. आत्या बुटकी होती... थोडं खाली सरकलो, तेव्हा बरोबर बसलं.