मास्तरांचा कापूस

नारायण मास्तरांच्या हातून वस्तू पडत नसत, ते त्या मुद्दाम टाकत. शाईची दौत सोडून सगळं टाकत. पाटी, खडा, जोडा, एकदा तर कोणाच्या तरी बारशाचा पेढा. टाकायच्या आधी म्हणत, "चला, पृथ्वीला विचारू." मग जमिनीकडे असं बघत राहत, की तिने खरंच काही उत्तर दिलं असावं. नवीन माणसाला ते वेडे वाटत. मलाही वाटले.

ते देशावरून अमरावतीला आलेले. तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवा होता. बाजारात गाड्या मावत नसत. माझे बाबा कापसाचे अडते. हाती पैसा खेळू लागला, तशी त्यांना हौस आली आणि त्यांनी मला शाळेत घातलं. मुलांच्या शाळेत आम्ही दोघीच मुली, भिंतीला टेकून बसायचो.

मास्तरांनी आम्हाला न्यूटन सांगितला. इंग्रजांच्या देशातला माणूस, बागेत बसला होता, झाडावरून सफरचंद पडलं, आणि हे खालीच का येतं, वर का जात नाही, असा विचार त्याच्या मनात आला. सफरचंद आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "कवठ समजा." मागून एक पोरगा म्हणाला, "मास्तर, कवठ डोक्सावर पडलं असतं तं?"

"तर शोध लागला नसता. माणूस गेला असता," मास्तर म्हणाले. ते स्वतः हसले नाहीत. विनोद केला आहे हे त्यांना बहुधा कळलंच नव्हतं.

ते एकदा कापसाच्या गाडीवर बसून बाजारातून येत होते. पुढे म्हैस आडवी आली, बैल एकदम थांबले, आणि मास्तर गाडीवानाच्या डोक्यावरून थेट धुळीत. लोक धावले. मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "गाडी थांबली, मला कोणी थांबवलं नव्हतं. न्यूटन बरोबर सांगतो." आठवडाभर लंगडत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

गॅलिलिओ त्यांचा लाडका. आम्ही त्याला गलेलीबुवा म्हणायचो. इटलीतल्या या माणसाने सांगितलं की जड वस्तू आणि हलकी वस्तू वरून सोडली तर बरोबरच खाली येतात. पुढे त्याने आणखी काही सांगितलं, तेव्हा म्हातारपणी त्याला घरात कोंडून ठेवलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे दगड सोडा, नाहीतर कापूस सोडा, दोन्ही सारखेच." हे त्यांनी दुसऱ्या कुठल्या गावात म्हटलं असतं तर निभावलं असतं. कापसाच्या बाजारात कापसाबद्दल बोलू नये.

मी घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं. बाबा जेवत होते. घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "मी जनमभर कापूस तोलला, अन् हा मास्तर मले शिकवते? पोट्ट्यायले उल्लू बनवून राह्यला हा."

माय म्हणाली, "तसंही पोरगी मोठी झाली. आता काहून पाठवता शाळेत?"

बाबा तसेच उठून मास्तरांकडे गेले. मी मागोमाग. "मास्तर वो, उद्या परकोटावरून दगड अन् कापूस सोडा. संग पडले तं माही पोट्टी शिकन, तुमी म्हणान तवरक. नाई पडले तं ती घरी. अन् कापूस मोकळाच पाहिजे, माह्या दुकानातला."

मास्तर म्हणाले, "बरं." तो माणूस नाही म्हणायला शिकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी परकोटाच्या तटाखाली ही गर्दी. पायऱ्या चढताना मी मास्तरांना गाठलं आणि हळूच म्हणाले, "कापसात खडा घाला. आमच्या बाजारात सगळेच घालतात." मला शाळा सोडायची नव्हती, आणि यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही.

मास्तर म्हणाले, "मग खडा पडेल, पोरी. कापूस नाही."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून एकदम सोडले. दगड खाली जाऊन रुतला. कापूस वाऱ्यावर हेलकावे खात गेला आणि एका बैलाच्या शिंगाला अडकला. "मास्तरचा कापूस चराले गेला!" कोणी तरी ओरडलं, आणि सगळा परकोट हसला.

मास्तर खाली आले. म्हणाले, "हवेने धरला. हवा नसती तर बरोबरच पडला असता."

"मंग काढा हवा," बाबा म्हणाले.

"ते यंत्र माझ्याजवळ नाही. मी वर्गात घाईने बोललो. हरलो."

बाबांनी माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. तिसरं पुस्तक अर्धं राहिलं. मास्तरांचा मला इतका राग आला की जेवले नाही. एक खडा घालायला काय जात होतं?

पुढे त्यांची बदली एलिचपुरास झाली आणि तिथेच पटकीने ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधी, आमच्याच अंगणात. बाबा आत सुपारी कातरत होते. मास्तरांच्या हातात दगड होता आणि तेवढ्याच आकाराचा कापसाचा गोळा, मोगरीने ठोकून सुतळीने करकचून आवळलेला.

"हा नुसता कापूसच आहे. फक्त हवेला धरायला जागा ठेवली नाही," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना बोलावतेस?"

मी आत जाऊन विचारलं. बाबा म्हणाले, "शबद एकदाच होते. सांग त्याले."

मी सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. मला वाटलं, आता जातील. पण ते शिडीने आमच्या घराच्या धाब्यावर चढले, काठाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू बघ." मग दोन्ही हात सोडले.

आतून बाबांनी विचारलं, "काय पडलं वं?"

"दगड अन् कापूस," मी म्हणाले.

अडकित्ता थांबला. बाबा म्हणाले, "आवाज तं एकच आला."

शाळेत मला त्यांनी पुन्हा पाठवलं नाही.