साठ माणसं आणि एकसष्टावे तात्या

गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही. उतरंडीला गाडग्यावर गाडगं चढावं तशा त्या चढत जातात, आणि खालचं एक ओढलं की सगळ्या अंगावर येतात.

तर कराडच्या खाली कृष्णाकाठी एक गाव होतं, आणि गावात पलटणीतून पेन्शनवर आलेल्या हवालदारांचं घर. हवालदार म्हणजे माझे सासरे, मामंजी. त्यांची कारभारीण आत्याबाई, लेक हौसा, आणि मेढ्याकडनं आलेली सून मी. माझे मालक लढाईवर होते. मामंजींची लढाई संपली होती, पण पलटणीतली रांगेत उभं करायची फालिन काही संपली नव्हती. घरात जे दिसेल ते रांगेत पाहिजे, आणि रांगा सारख्या पाहिजेत.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मी भिंतीला शेणी थापत होते. मामंजी काठी घेऊन मागं उभे.

"एका वळीत किती?"

"बारा."

"आन् खालच्या वळीत?"

मी मोजल्या. तेरा होत्या.

"मग ही तेरावी कुठं निघालीया? रजेवर?"

ती शेणी खरवडून काढली तेव्हा ते भिंतीपुढनं हलले. आत्याबाई आतनं म्हणाल्या, "माझ्या नशिबी तीस वर्सं हेच हाय. तू तर आत्ता आलीस."

*

शाळा मी बाहेरनंही बघितली नव्हती. पाढे शिकवले मामंजींनीच, अंगणात चिंचोके मांडून. साठ चिंचोके द्यायचे आणि म्हणायचे, "लाव रांगा."

बाराच्या पाच लागल्या. मोडून दहाच्या सहा लावल्या. पंधराच्या चार, विसाच्या तीन. काहीही करा, शेवटची रांग भरून निघायची.

"साठ लय गुणी आकडा," मामंजी म्हणायचे. "कुठंबी बसवा, कुरकुर न्हाई."

मी विचारलं, "आन् एक चिंचोका जास्ती आला तर?"

मामंजींनी साठही चिंचोक्यांवरनं काठी फिरवली.

"चुलीत टाक."

*

उन्हाळ्यात पापड घातले. बाजेवर नऊ-नऊच्या सात रांगा, सात नव्वे त्रेसष्ट. राखणीला मामंजी. दुपारी बघते तर एक पापड गायब.

"कावळ्यानं नेला," मामंजी म्हणाले. "आता ही रांग मोडली. मोडकी रांग ठिवायची न्हाई. उरलेले आठ भाजून आण."

दुसऱ्या दिवशीही एक गेला, आणि आठ भाजले. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी राखणीला आत्याबाई बसल्या. पापड होते तेवढे राहिले.

"आवं, तुमचा कावळा आज आला न्हाई," त्या म्हणाल्या.

"त्येला सुट्टी दिलीया," मामंजी म्हणाले.

*

याच नादापायी हौसाची दोन स्थळं मोडली. पहिल्या पाहुण्यांना मामंजींनी दारातच रांगेत उभं करून मोजलं, ते भेदरून गेले. दुसऱ्यांना मामंजींनी पंगतीत उंचीप्रमाणं बसवलं. नवरा मुलगा गेला पार टोकाला, दोन शेंबड्या पोरांच्या शेजारी. पाहुणे पान सोडून उठले.

त्या दिवशी आत्याबाई चुलीपुढं बसून रडल्या. हौसाला एकोणिसावं लागलं होतं, तेव्हाच्या मानानं वय उलटत चाललेलं. ती मला एवढंच म्हणाली, "वैनी, आता तिसरं मोडलं की मी कुणापुढं पाटावर बसणार न्हाई."

*

तिसरं स्थळ वाळव्याकडचं. उसाची जमीन, मुलगा निर्व्यसनी. त्याला वडील नव्हते, थोरले चुलते तात्या म्हणतील ते खरं. सुपारी फोडायला सहा गाड्या येणार, गाडीत दहा गडी, असा निरोप आला. मामंजी खूश झाले. साठ!

अंगणात पाच रांगांनी बारा-बारा पाट मांडले. पत्रावळी वाढून झाल्या, गडी बसले. एवढ्यात दारात सर्विस मोटार थांबली. तात्या सांगलीला हळद विकायला गेले होते, ते तिकडनं परस्पर आले. अंगानं जाड, गुडघ्यात वाकत नव्हते, डोक्याला भला फेटा. एकसष्टावे.

कुणी म्हणालं, "टोकाला एक पाट टाका की."

"रांग वाकडी व्हईल," मामंजी म्हणाले. "दहा-दहा बसा."

सगळे उठले, सहा रांगा झाल्या. तात्या बसेपर्यंत पाट भरले. पुन्हा एकटे तात्या उभे.

"पंधरा-पंधरा."

पुन्हा तात्या.

"वीस-वीस."

तात्याच.

मी सैपाकघराच्या दारातनं बघत होते. भाताची वाफ गेली होती. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हवालदार," ते म्हणाले, "मला बसवायचं नसंल तर तसं सांगा. आमी गाड्या जुंपतो." आणि पायताणात पाय घातले.

आत्याबाईंनी माझा हात गच्च धरला. माझ्या मागं हौसा उभी होती. मला चिंचोका आठवला. पण तात्यांना काय चुलीत टाकता येतंय?

सासऱ्यापुढं, परक्या गड्यांत सुनेनं बोलायची सोय नव्हती. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, शिसवी पाट उचलला आणि अंगणात गेले. रांगांच्या पुढं, मधोमध, सगळ्यांकडं तोंड करून पाट मांडला. भोवती रांगोळी ओढली, समई ठेवली, आणि मागं फिरले.

मामंजी पाटाकडं बघत राहिले. मग रांगांकडं बघितलं. मग पुन्हा पाटाकडं. आणि टाच टाचेला मारून ताठ झाले. तात्यांना कडक सलाम ठोकला.

"सायब, साठ जवान हजर हाईत. तुमी बसल्याबिगार कुणी घास उचलायचा न्हाई."

तात्यांनी पायताण पायातनं काढलं. साठ माणसांवर एकदा नजर टाकली, मिशीवरनं हात फिरवला, आणि चौघांच्या आधारानं पाटावर बसले.

"हं," ते म्हणाले, "करा सुरू."

सुपारी फुटली. वैशाखात लग्न झालं. तात्या तिथनं पुढं मरेपर्यंत कुणाच्याही पंगतीत रांगेत बसले नाहीत. हौसाला त्यांनी शेवटपर्यंत लेकीवाणी सांभाळलं.

सुपारीच्या दुसऱ्या दिवशी मी लग्नाचे पापड घातले. मामंजी राखणीला. बाजेवर साठ पापड रांगांत, आणि सगळ्यांच्या पुढं, एकटा, एक.

"ह्यो कुणाचा?" मी विचारलं.

"तुजा."

संध्याकाळी बाज उचलली तेव्हा अख्खी एक रांग गेली होती. पुढचा पापड जागच्या जागी होता.