तानाबाईची हाळी

पडदा वर जातो, आणि दिसते भवानी पेठेतल्या एका लहानशा दवाखान्यातली लोखंडी खाट. साल १९७८, शिमगा सरलेला, भरदुपार. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट. खाटेवर बावीस वर्षांची तानाबाई, आणि पायथ्याशी मुंडासं मांडीवर घेऊन बसलेला तिचा नवरा, बिरप्पा.

तानाबाई धनगराची. तिच्या गळ्याची कीर्ती थेट मोहोळपर्यंत! लांडगा दिसला की ती कमरेवर हात ठेवून अशी हाळी द्यायची, की तीन शिवारांपलीकडचे धनगरांचे तळ सावध व्हायचे. रंगमंचावर असती तर शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाराही ताडकन उठला असता.

बिरप्पा म्हणायचा, "ही असताना कुत्रं कशाला पाळायचं?"

"व्हय की," ती म्हणायची, "कुत्र्याला भाकरी तरी येळंवर मिळती."

आता त्या गळ्यातून नुसती घरघर येत होती.

"दाक्तर, चार दिसामागं मेंढरं हाकत होती वो. ताप न्हाय, खोकला न्हाय. मग एकदम असं कसं?"

डॉक्टर रुद्रप्पा सकाळपासून पाणीही प्यालेले नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं. "लांडगा आला की तुम्ही काय करता?"

"हाळी देतो."

"अंगातही तसंच असतं. अंग म्हणजे असंख्य बारीक पेशी. एकीत रोग शिरला की ती शेजारणींना इशारा देते. स्वतः बहुधा वाचत नाही, पण शेजारणी दारं लावून घेतात. हा फ्लूचा विषाणू मोठा लबाड. शिरल्याबरोबर आधी तिचं तोंड दाबतो. ताप चढेपर्यंत त्याची पिल्लावळ घरोघर गेलेली असते."

बिरप्पा हळूच म्हणाला, "मंजी ज्येंना काय झालं न्हाय, त्येंच्यातबी आसंल?"

"असू शकतं. या साथीत तरण्यांनाच जास्त. आणि त्यांच्याकडून दुसऱ्यांना."

मुंडासं खाली पडलं. उद्या सकाळी मोहोळजवळ चार तळ लोकर कातरायला एकत्र येणार होते. बिरप्पाच्या तळावरची सगळी तरणी पोरं निघणार होती, हसतखेळत. आणि तिथं तानाबाईची धाकटी बहीण बाळाबाई होती, दिवस भरत आलेली.

मोहोळची एसटी अर्ध्या तासानं होती. इकडं डॉक्टरांनी मघाशीच बाहेर नेऊन सांगितलं होतं, संध्याकाळ निघणं कठीण आहे.

बिरप्पा उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. दुसऱ्या कुणाला धाडावं, तर ठरलेली कातरणी परक्याच्या शब्दावर कोण मोडणार? त्यानं कपाळ खाटेच्या दांडीवर टेकलं. तेवढ्यात बाही ओढली गेली. तानाबाईनं सगळं ऐकलं होतं. त्यानं कान तिच्या ओठांशी नेला.

बिरप्पानं तळापासून लांब उभं राहूनच सांगितलं, आणि त्या वर्षी कातरणी झाली नाही. बाळाबाईला मुलगी झाली, दोघी धडधाकट. बिरप्पा परतला तेव्हा खाट रिकामी होती.

पुढं म्हातारपणी कुणी विचारलं, की तो उभा राहायचा, तिच्यासारखा कमरेवर हात ठेवायचा आणि तिचं शेवटचं बोलणं तिच्याच कुजबुजत्या सुरात सांगायचा:

"हितं बसून मला काय राखताय? जावा. माजी हाळी तुमी द्या."