दादाने हायवे घेतला नाही

जानेवारीतली सकाळ होती, आणि दादाची स्कूटर नागपुरात, इमामवाड्यात आमच्या दारासमोर येऊन थांबली... मी अंगणात भांडी घासत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता.

दादा माझा मोठा भाऊ, गावात शाळामास्तर. आमचं गाव कुही तालुक्यात, मौद्याकडच्या टोकाला. आई त्याच्याजवळच राहायची, आणि दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे एवढ्या सकाळी त्याला दारात बघूनच मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मायची तब्येत जास्त आहे वं शालू. चाल," एवढंच बोलला. चहाही घेतला नाही... मी राखेचे हात धुतले, स्वेटर घातला आणि ग्लुकोजचा डबा पिशवीत टाकला. दादा त्या डब्याकडे बघत राहिला.

माझ्या डोक्यात एकच होतं. आईचा जीव असेपर्यंत पोचायचं. शेवटचं घोटभर पाणी तरी माझ्या हातचं तिच्या तोंडात पडावं... बाकी काही नको.

आता बघा, नागपूरहून आमच्या गावाला जायला दोन रस्ते. एक भंडारा रोड, म्हणजे हायवे... सरळ, डांबरी, बघता बघता मौदा येतं. दुसरा दिघोरीवरून कुहीकडे जाणारा आतला रस्ता. अर्धा डांबर, अर्धा मुरूम, मध्ये बैलगाड्या आणि म्हशी, आणि वेळ दुप्पट.

अशा दिवशी शहाण्या माणसाने कोणता घ्यावा? आमच्या मास्तरांनी दिघोरीचा घेतला!

"दादा, हायवेनं काहून नाही नेत?" मी मागून ओरडले.

"तिकडे भल्ले ट्रक चालून राहिले," तो म्हणाला. मानही वळवली नाही.

स्कूटरवाल्यांना ट्रकची भीती असायची, हे खरंच. चाकं एवढीशी... शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने गाडी कडेला ढकलली जायची. त्यात आम्ही बायका एका बाजूला पाय सोडून, एका हाताने मागची स्टेपनी धरून बसणार. पण हाच दादा एरवी हायवेने भन्नाट यायचा. आजच बरी अक्कल सुचली, असं वाटून माझं डोकं फिरलं.

कुहीच्या अलीकडे मुरूम लागला. दादाने गाडी दुसऱ्या गिअरवर आणली ती तिथेच ठेवली. मध्येच प्लगमध्ये कचरा आला, गाडी बंद... मग ती आडवी करा, पुन्हा किक मारा. मला रडूही येत होतं आणि रागही. मी त्याच्या पाठीत बुक्की मारली, चांगली जोरात. "चाल न गा लवकर! ते तिकडे वाट पाहून राहिली असंल..."

तो मधून मधून फक्त बाहीने डोळे पुसायचा. थंडीच्या वाऱ्याने पाणी येत असेल, असं मला वाटलं.

कुही मागे पडली, आणि शेजारच्या गावचे एक ओळखीचे काका सायकलवर समोरून आले. दादाला बघून उतरले. "जयभीम मास्तर. माती कितीक वाजता आहे? लेकीसाठी थांबले असतीन न सारे?"

मग त्यांचं लक्ष मागे बसलेल्या माझ्याकडे गेलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

माती... आमच्याकडे अंत्यविधीला हाच शब्द. म्हणजे आई गेलेली होती. दादा घरून निघाला त्याच्याही आधी, पहाटेच.

मी गाडीवरून उतरले की खाली कोसळले, आठवत नाही. दादाचा शर्ट मात्र घट्ट धरला होता. काहून नाही सांगितलं मले, काहून नाही सांगितलं... एवढंच ओरडत होते.

"सांगितलं असतं तर धड बसली असती का तू गाडीवर? पडली असती वं." तो म्हणाला, "येताना मी हायवेनंच आलो. डोयात पाणी, समोरचं काही दिसेच ना. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तवा समजलं, का मी रोडच्या मधातून चालून राहिलो. नालीत घातली गाडी, म्हणून वाचलो. तुले मागे बसवून तिकडून नेताच येत नव्हतं मले."

आणि मग म्हणाला, "माय जिती असती, तर हायवेनंच नेलं असतं तुले."

एवढं बोलून तो भर रस्त्यात लहान पोरासारखा रडला... काकांनी आपली सायकल टाकून त्याची स्कूटर धरली, नाहीतर तीही पडली असती.

पुढचा रस्ता आम्ही तसेच हळू गेलो. घरी पोचल्यावर बायांनी मला पोटाशी धरलं, माझ्या गळ्यात पडून रडल्या. दादाजवळ कोणीच गेलं नाही. तो गाडी स्टँडवर लावून सरळ तिरडीचे बांबू बांधणाऱ्यांकडे निघून गेला.

या गोष्टीबद्दल मी त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाही. भावाचे आभारबिभार मानायची आमच्या घरात पद्धत नव्हती... आता तो थकलाय, मोबाईलवरचं त्याला वाचता येत नाही. तरी लिहिते.

दादा, आई पहाटेच गेली होती. पण त्या दिवशी कुही सोडेपर्यंत मला आई होती... तुला नव्हती, आणि गाडी तू चालवत होतास.