साडूभाऊंच्या डेकमधला गोतावळा

कुणाला 'नको' म्हणणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस दाखवायचा झाला, तर मी डोळे झाकून आमच्या साडूभाऊंकडे बोट दाखवेन. धडगावला सरकारी कचेरीत कारकून, घर लोणखेड्याला, आणि पन्नाशी जवळ आली तरी नाद कसला, तर राक्षस-जादूगारांच्या कार्डांनी खेळायच्या खेळाचा! त्यात आपला डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, आपणच निवडून बांधायचा असतो. चाळीस कार्डं पुरतात, साठांपर्यंत चालतात. शहाणी माणसं चाळिसावर थांबतात आणि एकच डावपेच धरतात, म्हणजे हवं ते कार्ड लवकर हाती येतं. साडूभाऊंचा डेक कायम साठांचा, लग्नाची आवतणं द्यावीत तसा बांधलेला. आग विझवणारं एक, विषावर उतारा एक, उडणाऱ्याला पाडणारं एक. त्यातला म्हातारा बेडूक काढा म्हटलं, तर घाबरून म्हणाले, "नही रे भो, त्याले काढं तं त्याले काय वाटी?" अहो, बेडकाला!

साहजिकच ते हरायचे, पण काय थाटात हरायचे! रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही चार-पाच जण जमायचो. एकेक डाव तासभर चाले. ऐन संकटात तो बेडूकच हाती यायचा, आणि साडूभाऊ त्याचं असं कौतुक करत मांडायचे की जिंकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. तोवर भजी दोनदा येऊन जात.

पण सुरतच्या स्पर्धेतून दरवर्षी हात हलवत परतणं त्यांना आतून बोचायचं. सासरे भर पंगतीत विचारत, "काय पाव्हना, औंदा बी हारनात ना?" सगळे हसत. साडूभाऊही हसत, पण मग त्यांना जेवण जात नसे. एकदा तरी जिंकून दाखवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मन घट्ट केलं. नको ती सगळी कार्डं काढली. बेडूक पहिला गेला. उरली ती एकाच कामाची, आगीचा मारा करणारी. सुरतला समोरचा सावरायच्या आत डाव संपत गेले आणि साडूभाऊ चक्क चषक घेऊन आले! सासऱ्यांनी पंगतीत स्वतःच्या हाताने त्यांना जिलेबी भरवली. मला अगदी पोटातून आनंद झाला.

आता ओसरीवरचा डाव पाच मिनिटांत आटोपतो. आम्ही हरतो, उठतो. एक जण यायचा बंद झाला, मग दुसरा. परवा मी चपला घालत होतो, तर साडूभाऊ कार्डं पिसत म्हणाले, "मी हारू तवय तुम्ही बठी ऱ्हायेत, भो."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मग बांधा की परत साठांचा!"

"बांधी पाह्यना," ते म्हणाले. "पन आते कोन्तंबी कार्ड हातमा लिधं का पह्यले हाईच दिखस, याना उपेग काय."

बेडूक हातात घेतला, तरी आता त्यांना आधी त्याचा उपयोगच दिसायचा! मी चपला काढून पुन्हा बसलो. पाच मिनिटांत हरलो.