लाल शाईच्या शेऱ्याखाली

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचं. आमचं गाव श्रीगोंद्याकडचं. घरात माझ्याआधी सातवीपुढे कोणी गेलं नव्हतं. मला संगमनेरच्या कॉलेजात बी.कॉम.ला घालायला वडिलांना राजी केलं ते गुरुजींनीच.

नव्वदच्या सुमारास मी नगरजवळ सावेडीत लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना काढला. नगरच्या एका सहकारी बँकेनं कर्ज दिलं. त्याला पगारदार जामीन लागत होता. गुरुजी शाळा सुटल्यावर एस.टी.नं आले, कागद न वाचताच सही केली आणि म्हणाले, "तुझ्यासारकं अक्षर न्हाई माजं. चालतंय का बघ."

मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापायचं जुनं यंत्र घेतलं आणि वर्षभरात शेजारच्या गल्लीत ऑफसेट आलं. शिवाय लग्न लागून गेलं की पत्रिकेचे पैसे मागायला जाणं मला जमत नसे. दोन वर्षांत छापखाना बंद पडला. वकिलांच्या सांगण्यावरून मी जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत उरली नसल्याचा, अर्ज केला. यंत्र विकलं गेलं, त्यातले थोडे पैसे बँकेला मिळाले आणि पुढे मला कर्जातून मुक्त केल्याचा हुकूम झाला. तो मी पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर ट्रंकेत ठेवला. प्रकरण सगळ्यांसाठीच मिटलं, अशी माझी समजूत. तसं सांगायला गुरुजींकडेही गेलो. ते "बरं झालं" म्हणाले आणि आत चहा ठेवायला सांगितला.

नंतर मला संगमनेरला दूध संघात कारकुनाची नोकरी लागली. गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या मुलाला रिक्षाचा परवाना मिळाला होता, पण महिन्याभरात रिक्षा घेतली नाही तर तो रद्द होणार होता. कर्जासाठी त्यानं त्याच बँकेत अर्ज केला आणि एक जामीन म्हणून माझं नाव घातलं. बँकेनं अर्ज परत केला. कारण लिहिलं होतं, जामीनदार नादार. तो अर्ज घेऊन मुलगा माझ्याकडे आला. वडिलांना अजून बोललो नाही, असं म्हणाला.

मी रजा टाकली आणि हुकूम घेऊन बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी जुनं खातेपुस्तक काढलं. माझ्या नावापुढे लाल शाईत 'नादार' असा शेरा होता. त्याखाली मात्र दर महिन्याची जमा होती, पानं उलटत जावीत इतकी. हे कोणी भरलं, असं मी विचारलं.

"तुमच्या जामीनदारांनी. पगारातून कपात होती."

कोर्टानं तर सोडलं होतं, असं मी म्हणालो.

"तुम्हाला सोडलं. जामीनदाराला कसं सोडेल? बी.कॉम. ना तुम्ही?"

शेवटची जमा गुरुजींच्या निवृत्तीच्या महिन्यातली होती. म्हणजे त्यांनी मला चहा पाजला तेव्हाही कपात चालूच होती.

लाल शेरा खोडता येत नाही, त्याखाली दुसरा लिहिता येतो, असं अधिकारी म्हणाले. त्यांनी निळ्या शाईत लिहिलं, 'हुकुमान्वये मुक्त. कर्ज पूर्ण वसूल.' त्यापुढे 'जामीनदाराकडून' असंही लिहा, असं मी सांगितलं. त्यानं तुमचंच वाईट दिसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी लिहाच म्हणालो. मला जामीन म्हणून घ्यायला मात्र त्यांनी अट घातली. हप्ता चुकला तर माझ्या पगारातून कापून देऊ, असं दूध संघाचं पत्र हवं होतं. ते मी आठ दिवसांत नेऊन दिलं आणि गुरुजींना कळवलं. गुरुजींना लिहिलेल्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे.

गुरुजींस सा. न. वि. वि.

रिक्षाचं कर्ज मंजूर झालं. परवाना वाचला. खातेपुस्तक मी पाहिलं. तुम्ही भरलेली रक्कम मी दर महिन्याला मनीऑर्डरनं पाठवणार आहे, ती परत करू नये. पहिली याच आठवड्यात निघेल. जामीन म्हणून मी सही केली आहे. या वेळी कागद पूर्ण वाचला. मुलाचा हप्ता कधी थकला, तर तो माझ्या पगारातून जाईल आणि मी तुम्हाला कळवणार नाही. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला विद्यार्थी